बसून चालवायचा लॉन मोअर घ्यायचा आहे: उताराची जागा, अकरा झाडे आणि एक अरुंद फाटक

दूर्वा (धागाकर्ती)

गेली सहा वर्षे घराभोवतीची हिरवळ मी ढकलायच्या मोअरने कापत आले आहे. त्या मोअरची रुंदी २१ इंच. त्याच्यामागे एका कापणीला मी सव्वादोन तास चालते, आणि गवत जोमात असेल तेव्हा हे दर सहा दिवसांनी करावे लागते. यंदा गुडघ्याने स्पष्ट नकार दिला, म्हणून बसून चालवायचा मोअर घेण्याचे ठरवले आहे.

जागा साधारण एक एकराची आहे. घर, गाडीची वाट आणि फुलझाडांचे वाफे वजा केले तर गवत बहुधा पाऊण एकरापेक्षा कमीच असेल. पुढचा भाग सपाट आहे. मागच्या भागात अकरा झाडे आहेत, आणि तो सरकत सरकत एका ओघळीकडे उतरतो. पुढून मागे जायला कुंपणातले एकच फाटक आहे.

माझे मन ५४ इंची, २४ अश्वशक्तीच्या झिरो-टर्न मोअरवर बसले आहे. ओळखीच्या एकांकडे तो जागच्या जागी गिरकी घेताना पाहिला आणि तेव्हापासून दुसरे काही डोळ्यांसमोर येत नाही. निवड योग्य आहे का, २४ अश्वशक्ती पुरेल का, आणि बॅटरीवरच्या यंत्रांचा विचार करावा का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.


दहा-अकराचा पाना

दूर्वाताई, मी ही यंत्रे दुरुस्त करतो, त्यामुळे माझे मत थोडे कडवट वाटल्यास समजून घ्यावे. अश्वशक्ती किती, हा प्रश्न बहुतेक लोक पहिला विचारतात. तो शेवटचा असायला हवा. पाऊण एकरासाठी बाजारातले जवळजवळ प्रत्येक इंजिन पुरेसे असते. पुरत नाही ते फाटक, पुरत नाही ती उतारावरची पकड, आणि पुष्कळदा पुरत नाही ती यंत्र ठेवायची जागा.

म्हणून आधी टेप घेऊन बाहेर जा. फाटकाची रुंदी खांबापासून खांबापर्यंत मोजू नका. फाटक पूर्ण उघडल्यावर बिजागरी, कडी आणि फळीची जाडी जाऊन जी मोकळी वाट उरते, ती मोजा. डेक म्हणजे पाती ज्याच्याखाली फिरतात ते पत्र्याचे कवच. '४२ इंची डेक' म्हणजे पात्यांनी कापला जाणारा पट्टा ४२ इंचांचा. यंत्राची रुंदी नव्हे. डेकचा पत्रा त्याहून दोनेक इंच बाहेर असतो, आणि गवत बाजूला फेकणारे झाकण खाली असेल तर आणखी आठ-दहा इंच धरावे लागतात. झाकण वर उचलून फाटकातून जाता येते, मात्र पाती बंद करूनच. ते झाकण कायमचे काढून टाकलेली यंत्रे माझ्याकडे येतात, तेव्हा मालकाला मी पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारतो, कारण पात्याच्या टोकाला लागलेला खडा तिथूनच बाहेर पडतो. त्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपर्यंत असू शकतो. ताशी किलोमीटरमध्ये सांगायचे तर जवळजवळ साडेतीनशे.

दोन झाडांमधले सर्वांत कमी अंतरही मोजा. तिथे डेक शिरला नाही तर तो भाग प्रत्येक वेळी हातानेच कापावा लागेल.


उतारकर

मी फक्त उताराविषयी लिहितो, कारण तो धडा मला महागात पडला आहे.

बसून चालवायच्या बहुतेक मोअरच्या पुस्तिकेत १५ अंशांची मर्यादा दिलेली असते, आणि काही झिरो-टर्नसाठी ती १० अंशच असते. उतार नजरेने कधीही ठरवू नये; उभ्याने पाहिलेला उतार आसनावर बसल्यावर दुप्पट वाटतो आणि खिडकीतून पाहिलेला निम्मा. चार फुटी सरळ फळी घ्या, तिचे एक टोक उताराच्या वरच्या बाजूला टेकवा आणि फळीवर पाणसळ ठेवून दुसरे टोक बुडबुडा मध्यावर येईपर्यंत उचला. मग त्या उचललेल्या टोकाखाली जमिनीपर्यंत किती अंतर आहे ते मोजा. साडेआठ इंच भरले तर उतार सुमारे १० अंशांचा आहे. तेरा इंचांच्या जवळ गेले तर १५ अंशांची मर्यादा संपली. एकाच ठिकाणी मोजू नका. उतार सगळीकडे सारखा नसतो आणि दगा नेहमी त्याची सर्वांत वाईट दहा पावले देतात.

आता धडा. माझ्याकडे झिरो-टर्न होता. सकाळी दव पूर्ण वाळलेले नसताना मी उतारावरून खाली येत होतो आणि शेवटच्या वळणाला मागची चाके घसरली. मी चालवायचे दोन्ही दांडे मागे ओढले, चाके उलटी फिरू लागली, पण यंत्र तसेच पुढे घसरत राहिले, अगदी संथपणे, आणि कुंपणाच्या झुडपात जाऊन थांबले. मला खरचटलेही नाही. मात्र त्या तीन-चार सेकंदांत माझ्या हातात काहीच नव्हते, ही जाणीव अजून गेलेली नाही.

असे होण्याचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. नेहमीच्या झिरो-टर्नमध्ये पुढची दोन चाके ऑफिसच्या खुर्चीच्या चाकांसारखी मोकळी फिरतात. चालणे, वळणे आणि थांबणे ही तिन्ही कामे मागच्या दोन चाकांकडे असतात, त्यामुळे त्यांची पकड सुटली की तिन्ही एकदमच जातात. लॉन ट्रॅक्टरची, म्हणजे लहान ट्रॅक्टरसारख्या मोअरची, मागची चाकेही घसरू शकतात, पण पुढची चाके स्टीअरिंगला जोडलेली असल्याने निदान तोंड कुठे वळवायचे हे तुमच्या हाती राहते. ट्रॅक्टर उतारावर नेहमी खाली-वर चालवावा, आडवा चालवू नये. ढकलायचा मोअर याच्या उलट, आडवा चालवावा, म्हणजे पाय घसरला तरी पात्याखाली जाणार नाही.


दूर्वा

टेप आणि फळी घेऊन संपूर्ण सकाळ बाहेर घालवली. निकाल पुढीलप्रमाणे आहेत, आणि त्यांतला एक तर लाजिरवाणाच आहे.

गवताचे क्षेत्र तुकड्यातुकड्याने मोजून २८,३०० चौरस फूट भरले, म्हणजे ०.६५ एकर. मागच्या उतारावर बहुतेक ठिकाणी फळीखालचे अंतर सात ते आठ इंच आले, पण ओघळीच्या काठचा सुमारे दहा फूट रुंदीचा पट्टा साडेतेरा इंच निघाला. त्या पट्ट्यावर मी सहा वर्षे मोअर वर-खाली ढकलत आले आहे, हे उतारकरांचा प्रतिसाद वाचल्यानंतर लक्षात आले.

फाटकाच्या खांबांमध्ये ४७ इंच आहेत. बिजागऱ्या आणि कडी वजा जाता मोकळी वाट ४५ इंच उरते. थोडक्यात, माझा ५४ इंची मोअर मागच्या अंगणाचे तोंडही पाहू शकला नसता.


सावकाश

आकडे दिलेत हे उत्तम झाले, आता हिशेब करता येतो.

कापणीची रुंदी इंचांत आणि वेग ताशी किलोमीटरमध्ये घ्यावा, दोघांचा गुणाकार करावा आणि त्याला १६० ने भागावे; येणारे उत्तर म्हणजे तासाला किती एकर. वळणे आणि एकमेकांवर चढणारे पट्टे यांसाठी त्यातून पाचवा हिस्सा वजा करावा. ताशी ६ किलोमीटर हा घरगुती अंगणातला समंजस वेग धरला, तर ४२ इंची डेक तासाला सव्वा एकर कापतो आणि तुमच्या ०.६५ एकराला सुमारे ३१ मिनिटे लागतात. ५४ इंची डेकला २४ मिनिटे लागतील.

म्हणजे ज्या बारा इंचांसाठी आपण यंत्राचे वजन, ठेवायची जागा आणि फाटक यांची चिंता वाढवून घेणार, ते एका कापणीत सात मिनिटे वाचवतात. झाडांमुळे दोन्ही वेळा वाढतील, पण मोठ्या डेकची वेळ अधिक वाढेल. शिवाय रुंद डेक उंचसखल जमिनीवर पुलासारखा टेकतो आणि उंचवट्यावरचे गवत मुळापर्यंत खरवडतो. अखंड आणि सपाट दोन एकर असते तर मी ५४ इंच सुचवले असते.


गिरकी

वरचे प्रतिसाद वाचून झिरो-टर्न म्हणजे जणू अपघातच असा समज होऊ नये, म्हणून त्याची बाजू मांडतो. मी नऊ वर्षे तो चालवत आहे.

झाडे अकरा आहेत, हे सगळे विसरलेले दिसतात. लॉन ट्रॅक्टरला वळायला जागा लागते. प्रत्येक खोडाभोवती न कापलेले कडे उरते, त्यासाठी मागे यावे लागते किंवा नंतर दोरीचा ट्रिमर घेऊन फिरावे लागते. झिरो-टर्नमध्ये प्रत्येक मागच्या चाकाला स्वतंत्र हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणारी) जोडणी असते, एक चाक पुढे आणि दुसरे मागे फिरवता येते, त्यामुळे तो खोडाला कवेत घेऊन फिरतो. सपाट आणि झाडांनी भरलेल्या जागेत वेळेची बचत डेकच्या रुंदीने होत नाही, वळणांनी होते. सावकाश यांच्या सूत्रात ही बाब बसत नाही. ट्रिमरचे काम माझ्याकडे निम्म्याहून कमी झाले.

दोन गोष्टी मात्र शिकाव्या लागतात. एक चाक जागेवर रोखून दुसऱ्याने वळण घेतले, तर रोखलेले चाक गवत मुरगळून उपटते. म्हणून दोन्ही चाके थोडी फिरती ठेवून, गरज पडल्यास किंचित मागे येऊन, इंग्रजी वाय अक्षरासारखे वळण घ्यावे. दुसरे म्हणजे संरक्षक कमान उभी असेल तेव्हा आसनाचा पट्टा बांधलाच पाहिजे आणि कमान दुमडलेली असेल तेव्हा तो बांधू नये. कमान उभी असून पट्टा नसला तर यंत्र उलटताना माणूस त्याच कमानीखाली जातो.

साडेतेरा इंचांच्या त्या पट्ट्यावर मीसुद्धा झिरो-टर्न नेणार नाही, हे मान्य करतो.


उतारकर

गिरकी, तो पट्टा १५ अंशांच्या पुढे असल्याने ट्रॅक्टरही तिथे न्यायचा नाही. दूर्वाताई, तिथे ढकलायचा मोअर आडवा चालवा किंवा गवत काढून जमिनीवर पसरणारी एखादी वेल लावा. ओघळीच्या काठावर मुळे धरून ठेवणारे काहीतरी असणे तसेही चांगलेच.


दूर्वा

गिरकी यांचा मुद्दा पटतो आणि मन अजूनही तिकडेच ओढते, हे कबूल करते. परंतु माझी झाडे नेमकी उतारावरच आहेत. सपाट भागात एकही नाही. म्हणजे झिरो-टर्नची गिरकी जिथे हवी, तिथेच तिची पकड सर्वांत कमी असणार. त्यामुळे आता ४२ इंची लॉन ट्रॅक्टरचा विचार सुरू केला आहे. यापुढे दोन यंत्रांमध्ये तुलना कशाच्या आधारे करावी? बाहेरून सगळे सारखेच दिसतात. फरक असला तर रंगाचा आणि पेला ठेवायच्या खाचेचा.


दहा-अकराचा पाना

पेल्याची खाच दुर्लक्षित करा आणि आसनाखाली पाहा.

सर्वांत आधी ट्रान्समिशन, कारण तुमच्याकडे उतार आहे. काही स्वस्त यंत्रांत हाताने बदलायचे गिअर असतात, काहींत पट्ट्यावर चालणारी बदलत्या वेगाची रचना असते, आणि बाकीच्यांत हायड्रोस्टॅटिक. झाडांमध्ये वारंवार पुढे-मागे करायचे असेल तर हायड्रोस्टॅटिकला पर्याय नाही. पायाखालच्या पेडलने वेग हवा तसा कमी-जास्त होतो आणि इंजिनाचे फेरे तेच राहतात. मात्र हायड्रोस्टॅटिक हा एकच शब्द दहा वेगवेगळ्या ताकदींच्या पेट्यांवर छापलेला असतो. हलक्या वर्गातली पेटी बहुधा सीलबंद असते, तिचे तेल बदलण्याची सोय नसते. रोज उतार चढवला किंवा मागे जड ट्रॉली ओढली की तेल तापून पातळ होते, आणि यंत्र थंड असताना धावते पण अर्ध्या तासाने चढावर थकते. ज्या पेटीचे तेल आणि फिल्टर बदलता येतात, अशी निवड शक्य असल्यास करावी. आणि त्या पेटीवरचा थंड हवेचा पंखा गवताने गच्च भरू देऊ नये. माझ्याकडे 'ट्रान्समिशन गेले' म्हणून आलेल्या एका ट्रॅक्टरच्या पंख्याची निम्मी पाती तुटलेली होती आणि उरलेल्या पात्यांभोवती वाळलेल्या गवताचे नीट विणलेले घरटे होते.

त्यानंतर डेक. एकाच पत्र्याला दाबून वळवलेले डेक घरगुती कामाला उत्तम चालतात, त्यांच्या गोलाईमुळे हवा चांगली फिरते; जाड पाट्या जोडून वेल्ड केलेले डेक दगड-मुळांचा मार अधिक सोसतात. पत्र्याच्या गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, हे ध्यानात असू द्या. १३ गेज सुमारे सव्वादोन मिलिमीटर आणि १० गेज जवळजवळ साडेतीन. पण डेक पत्र्यामुळे क्वचितच मरतो. तो मरतो स्पिंडलमुळे, म्हणजे पाते ज्या दांड्यावर फिरते त्याच्या घरामुळे, आणि खाली चिकटून राहिलेल्या ओल्या गवतामुळे. पाती हाताने न काढता, पुढचे टायर न हलवता, डेक किती मिनिटांत खाली उतरतो, हे विक्रेत्याला करून दाखवायला सांगा. जो डेक काढायला कठीण, तो कधीच धुतला जात नाही.

इंजिनाबद्दल शेवटी. बोनेटवरचा अश्वशक्तीचा आकडा सहसा एकूण शक्तीचा असतो, प्रयोगशाळेत एअर फिल्टर आणि सायलेन्सरशिवाय मोजलेला. प्रत्यक्षात मिळते ती त्याहून कमी. त्यापेक्षा सीसी पाहा, तेलाचा फिल्टर आणि दाबाने तेल फिरवणारा पंप आहे का ते पाहा. दोन सिलिंडरचे इंजिन कमी थरथरते, एका सिलिंडरचे दुरुस्तीला सोपे, ०.६५ एकराला दोन्ही चालतील. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, कोहलर, कावासाकी ही नावे अनेक वेगवेगळ्या रंगांच्या बोनेटखाली सापडतात, त्यामुळे यंत्राच्या नावापेक्षा इंजिनाचे आणि पेटीचे मॉडेल लिहून घ्या. एकाच नावाखाली हलकी आणि भारी अशा दोन्ही मालिका विकल्या जातात, आणि रंग दोघींचा एकच असतो.


निःशब्द

बॅटरीविषयीचा मूळ प्रश्न मागे पडला, म्हणून लिहितो. दूर्वाताईंच्या क्षेत्राला बॅटरीवरचा ट्रॅक्टर सहज पुरेल असे माझे मत आहे. माझे अंगण याच मापाचे असून मी चार वर्षे तोच वापरतो. पेट्रोल शिळे होणे, कार्ब्युरेटर तुंबणे, तेल बदलणे या कटकटी नाहीत. अनेक यंत्रांत प्रत्येक पात्याला स्वतःची मोटर असल्याने डेकची पाती फिरवणारा पट्टाही नसतो.

तुलना करताना केवळ व्होल्ट पाहू नयेत. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा. ४८ व्होल्ट आणि ७५ अँपिअर-तास म्हणजे ३.६ किलोवॅट-तास, आणि साठा किती हे त्यावरून कळते. एका चार्जमध्ये अमुक एकर, हा जाहिरातीतला दावा सपाट जागेचा, कोरड्या आणि थोडक्या गवताचा असतो. उतार, ओल आणि दोन आठवडे वाढलेले गवत आले की मी त्याचे दोन तृतीयांशच धरतो. लेड-ॲसिड बॅटऱ्या जड असतात आणि रिकाम्या ठेवल्या की लवकर खराब होतात, म्हणून काम झाले की लगेच चार्जिंगला लावाव्यात. लिथियम हलक्या असतात आणि अधिक टिकतात, पण गोठणबिंदूखालच्या तापमानात त्या चार्ज करू नयेत. आणि घेण्यापूर्वीच नव्या बॅटरी-संचाची किंमत विचारून ठेवावी, कारण आठ-दहा वर्षांनी तो प्रश्न यंत्राच्या भवितव्याचाच असतो.


दहा-अकराचा पाना

निःशब्द यांच्याशी सहमत. पेट्रोलचे यंत्र माझ्याकडे सर्वाधिक वेळा येते ते महिनोन्महिने टाकीत राहिलेल्या पेट्रोलमुळेच. महिन्याभरात संपेल इतकेच पेट्रोल आणावे, इथेनॉल दहा टक्क्यांपेक्षा जास्त असलेले वापरू नये आणि हंगाम संपल्यावर टाकी-कार्ब्युरेटर रिकामे तरी करावे किंवा पेट्रोल टिकवणारे स्टॅबिलायझर घालून पाच-दहा मिनिटे इंजिन चालवावे. एवढे ज्याच्याकडून होणार नाही, त्याने खुशाल बॅटरी घ्यावी.


सावकाश

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. लहान मुलांना मांडीवर बसवून 'एक फेरी' मारण्याचा मोह होतो. ती फेरी मारू नये, पाती बंद असतानाही नाही. मुलाला एकदा कळले की या यंत्रावर बसायला मिळते, की पुढच्या वेळी ते आवाज ऐकून धावत येते, आणि तेव्हा पाती चालू असतात व चालवणारा मागे येत असतो. मागे घेताना पाती बंद पाडणारी कळ बऱ्याच यंत्रांत असते. ती त्रासदायक वाटते म्हणून तारा जोडून निकामी करू नये.


दूर्वा

बॅटरीचा विचार गंभीरपणे केला, पण दुरुस्ती सहज करून देईल अशी जी व्यक्ती जवळ आहे, ती पेट्रोलची यंत्रे दुरुस्त करणारी आहे. तेवढ्यात एक वापरलेला ४२ इंची हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर समोर आला आहे. तासांचा मीटर २१४ दाखवतो. मालकाचे म्हणणे असे की 'फक्त रविवारी चालवला'. उद्या पाहायला जाणार आहे. काय तपासावे?


दहा-अकराचा पाना

२१४ तास म्हणजे काहीच नाही, मीटर खरा असेल तर. पेडलवरचे रबर आणि आसनाची कड पाहा. ती झिजून गुळगुळीत झाली असेल तर मीटर कधीतरी बंद पडून राहिला होता.

तुम्ही पोहोचण्यापूर्वी इंजिन सुरू करू नका असे मालकाला कळवा. तिथे गेल्यावर इंजिनाला हात लावा. ते थंड असेल तरच सुरू करायला सांगा. सुरू होताना निळसर धूर आला आणि क्षणात गेला तर चालेल, येतच राहिला तर नको. मग किल्ली काढून, स्पार्क प्लगची वायर सोडून, हातमोजा घालून प्रत्येक पात्याचे टोक धरा आणि वर-खाली हलवा. पाते खुळखुळले तर स्पिंडलचे बेअरिंग गेले आहे. ते बदलता येते, पण स्पिंडल ज्या ठिकाणी डेकला बसतो तिथे भेगा किंवा वेल्डिंगचे डाग दिसले तर परत फिरा.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा शेवटी. यंत्र वीस मिनिटे गवत कापत चालवा आणि मग चढावर न्या. थंड असताना प्रत्येक पेटी चढ चढते. गरम झाल्यावरही तो तुम्हाला घेऊन कुरकुर न करता वर गेला, तर बाकीच्या गोष्टी दुरुस्त होतील. त्याच चक्करमध्ये पाती चालू ठेवून आसनावरून किंचित उठा. पाती किंवा इंजिन बंद पडलेच पाहिजे, आणि पात्यांनी पाच सेकंदांच्या आत थांबायला हवे. तसे होत नसेल तर आसनाखालची कळ कुणीतरी जोडून टाकली आहे.


दूर्वा

घेतला. चढाची परीक्षा त्याने दिली. आसनाखालची कळ मात्र खरोखरच तारेने जोडलेली निघाली. मालकालाही ते ठाऊक नव्हते, निदान त्यांच्या चेहऱ्यावरून तरी तसे वाटले. नवी कळ बसवून मगच घरी आणला.

झाकण वर उचलल्यावर त्याची रुंदी साडेचव्वेचाळीस इंच भरते आणि फाटक ४५. दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच! पहिल्याच दिवशी कडीला रंग लागला. शेवटी कुंपणाचा एक खांब फूटभर सरकवून घेतला. यंत्र निवडताना फाटक हे पर्वतासारखे अचल आहे असे मी गृहीत धरले होते, आणि ते अर्ध्या दिवसाचे काम निघाले. तरीही ५४ इंची घेतला नाही याचे दुःख नाही. झाडांमधल्या सर्वांत अरुंद जागी हाच जेमतेम शिरतो.

एक अडचण आहे. कापलेल्या गवतात पायऱ्या दिसतात. प्रत्येक पट्ट्याची डावी बाजू उजवीपेक्षा स्पष्टपणे खाली कापली जाते. डेक वाकडा असेल का?


दहा-अकराचा पाना

डेकला हात लावण्यापूर्वी चारही टायरांची हवा मोजा. दोन्ही मागच्या टायरांत फरक असेल तर डेक कितीही सरळ केला तरी कापणी तिरकीच होणार.

हवा बरोबर केल्यावर सपाट फरशीवर, पुन्हा वायर सोडून, पाते आडवे फिरवून डाव्या आणि उजव्या टोकाची फरशीपासूनची उंची मोजा. ती सारखी हवी. मग पाती यंत्राच्या लांबीच्या दिशेने वळवून पुढचे आणि मागचे टोक मोजा. पुढचे टोक तीन ते सहा मिलिमीटर खाली असावे, म्हणजे पाते गवत एकदाच कापते, मागून पुन्हा घासत नाही. डेकच्या बाजूची छोटी चाके जमिनीवर टेकलेली नसावीत, सुमारे अर्धा इंच वर तरंगावीत. ती डेकचा भार वाहण्यासाठी नसून उंचवट्यावर गवत खरवडू नये यासाठी असतात.

आणि कापताना इंजिन पूर्ण फेऱ्यांवर ठेवा, वेग पेडलने कमी करा. दयेपोटी इंजिन हळू चालवणारे लोक पात्यांचा वेग घालवतात, मग गवत कापले न जाता वाकते.


दूर्वा

डाव्या मागच्या टायरमध्ये ७ पीएसआय हवा होती आणि उजव्यात ११. दोन्ही पुस्तिकेप्रमाणे १० केल्या आणि पायऱ्या नाहीशा झाल्या. डेकला हात लावावा लागला नाही.

कालची कापणी ४८ मिनिटांत झाली. ओघळीकाठचा पट्टा जुन्या मोअरने, या वेळी आडवा चालवून, वीस मिनिटांत उरकला. तिथे वेल लावायची की नाही ते पुढच्या हंगामात ठरवेन. गिरकी यांनी सांगितले तसे प्रत्येक खोडाभोवती गवताचे कडे उरते, त्यासाठी ट्रिमर घेऊन आणखी पंधरा मिनिटे जातात. त्याबाबतीत तेच बरोबर होते.

आणि हो, मोजायचे एक राहिलेच होते. तिसऱ्या झाडाची खालची फांदी, जिच्याखालून मी सहा वर्षे ताठ चालत गेले, ती आसनावर बसल्यावर बरोबर कपाळाच्या उंचीवर येते. सकाळी करवत घेऊन गेले होते.


दहा-अकराचा पाना

फांदीचे तुकडे नीट वेचून घ्या. अंगठ्याएवढ्या जाडीचा तुकडा पात्यात आला तर स्पिंडलसाठी माझ्याकडेच यावे लागेल.